वयाचा रकाना

एबायच्या दवाखान्यात मी नावं लिहिते.
रजिस्टर निळं, रकाने पाच:
नाव, वय, वजन, साखर, शेरा.
नऊ वर्षांपूर्वी या खुर्चीत बसले तेव्हा
वयाच्या रकान्यात सहाचा आकडा
हाताला पाठ झाला होता:
एकसष्ट, अडुसष्ट, त्रेसष्ट.
पहिल्यांदा एकोणीस लिहिलं तेव्हा वाटलं
आकडे उलटे पडले, एक्क्याण्णव असेल.
वर पाहिलं.
बास्केटबॉलची बंडी घातलेला पोरगा,
हातात केशरी बाटली, अर्धी प्यायलेली.

आता काही उलटं वाटत नाही.
सतरा. चोवीस. बारा.
बारा वर्षांच्या लितोकवाला काट्यावर उभं करताना
मी चपला काढायला सांगते,
जणू तेवढ्यानं फरक पडणार आहे.

आमच्या भाषेत याला म्हणतात गोडाचा आजार.
जणू कुणी लाड केले आणि ते बाधले.

लाड नव्हतेच.
विहिरीचं पाणी होतं, ते खारट झालं.
नीरफणस होता, पण झाडाला जागा लागते
आणि इथे घराला घर खेटून,
दोन पत्र्यांमधून माणूस अंग चोरून जातो.
अळू राहिलं त्या बेटावर,
जिथून आजोबांना बोटीत घातलं
थोड्याच दिवसांसाठी म्हणून.
मग बोटीनंच तांदूळ आला, मैदा आला, डबे आले,
समुद्र दाराशी असताना
मासासुद्धा डब्यातून.
नळाला पाणी येईल तेव्हा येईल,
दुकानातली बाटली मात्र कायम, आणि गार.
तहानेला काय, ती ओंजळ पुढे करते.

पहाटेच्या बोटीनं मावशी पलीकडच्या बेटावर कामाला जाते.
तिकडच्या हिरवळीला पाणी घालते.
संध्याकाळी परत येते, रिकामा कॅन घेऊन.

मंगळवारी रांगेत जोरलांग होता.
माझा धाकटा भाऊ.
मला न सांगता आलेला,
मित्राची टोपी डोळ्यांवर ओढून.
रात्री चार-चारदा उठायचा,
मी समजत होते, फोन.

नियम असा की नाव विचारायचं.
"नाव?"
त्यानं सांगितलं. पूर्ण. परक्याला सांगावं तसं.
"वय?"
त्याचं वय मला तासासकट ठाऊक.
त्याच्या केमेमला, पहिलं वर्ष पुरं झाल्याच्या जेवणाला,
मीच त्याला कडेवर घेऊन फिरवला होता
सगळ्या गोतावळ्यातून.
वर्षभर जगलं लेकरू, म्हणजे आता जगेल,
असा जुना हिशोब. म्हणून तर तो थाट.
मामांनी क्रेटवर क्रेट रचून बाटल्यांची भिंत उभी केली होती.
फोटो आहे अजून: भिंतीपुढे तो,
हनुवटीवर लाल ओघळ,
दोनच दात, दोन्ही दाखवत.

"पंधरा," तो म्हणाला.
मी लिहिलं. पेन उमटलं नाही.
पुन्हा गिरवलं.

शेऱ्यात डॉक्टरांनी लिहिलं: आहार सांभाळणे.
कुठला, ते लिहायला रकाना अपुरा पडतो.

शनिवारी चुलतबहिणीच्या बाळाचं केमेम.
भिंत यंदा कमरेइतकीच, भाव वाढलेत.
बाहेरच्या बेटावरून कुणीतरी तीन नीरफणस आणले होते,
भाजलेले, काळ्या सालीचे.
म्हाताऱ्यांनी वास घेऊन डोळे मिटले,
मुलांनी चिप्सची पाकिटं फोडली.
जोरलांग टोकाला बसला होता.
टेबलाखाली बोट टोचलं त्यानं,
आकडा मला दाखवला नाही,
मीही मागितला नाही.
मावशीनं एक बाटली उघडली,
फेस खाली बसू दिला,
करंगळी बुडवून बाळाच्या जिभेवर ठेवली.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे.
बाळानं आधी तोंड वाकडं केलं,
मग ओठ चाटले.
टाळ्या झाल्या.
आम्हीही वाजवल्या.